छकुली नावाची शेवंती

६ जानेवारी

आज माझ्या नव्या जातीचं, एकाहत्तर-चारचं, नाव ठेवलं. मला न विचारता.

म्हणजे मी तिथे होते. दुसऱ्या रांगेत, पाण्याच्या पिंपाशेजारी. मालकांनी कापड ओढलं, खाली कुंडीत माझी शेवंती, आणि कुंडीवर पाटी: छकुली. छकुली ही मालकांची मुलगी. दीड वर्षापूर्वी गेली, विसाव्या वर्षी, लांबलेल्या आजारात. मालक म्हणाले, "या जातीला बी धरत नाही. हिची फांदी छाटून लावायची, मग त्या रोपाची फांदी छाटून लावायची. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं मिळून एकच झाड. म्हणजे माझी छकुली आता कधीच मरणार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हे सगळं मीच त्यांना समजावून सांगितलं होतं, सप्टेंबरात, फूल हातात धरून. मला वाटलं होतं ते शास्त्र ऐकतायत.

अकरा वर्षं लागली मला ही जात काढायला. सायीचा रंग, मध्यभागी हिरवट छटा, कापल्यावर तीन आठवडे मान टाकत नाही. हिला धाकट्याचं नाव द्यायचं ठरलं होतं. धाकटा म्हणजे माझा भाऊ. तो गेल्यावर आठवड्याभराने मालक माझ्या घरी आले होते, खुर्चीच्या कडेवर बसले होते आणि आपणहून म्हणाले होते, "तुमची नवी जात त्याच्या नावाने काढू." मी मागितलं नव्हतं. मी त्यांना चहासुद्धा दिला होता.

७ जानेवारी

काल रागात लिहिलं. आज पुन्हा वाचून पाहिलं, एकही वाक्य खोटं नाही. पण मुद्दा राहिला आहे. एवढ्या नावावरून मी असं पेटले असते तर मला स्वतःचीच कीव आली असती.

धाकटा इथे पंखे, पंप, पाइप बघायचा. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये तीन नंबरच्या हरितगृहात फवारणी झाली. ते औषध मारल्यावर बारा तास कुणी आत जायचं नसतं, दाराला तशी पाटी लावतात. चार तासांनी आतले पंखे बंद पडले. धाकटा आत गेला, पंखे सुरू केले, बाहेर येऊन ओकला आणि तिसऱ्या दिवशी इस्पितळात वारला. फवारणीच्या रजिस्टरमध्ये मालकांच्या अक्षरात नोंद आहे: "पाटी असतानाही कर्मचारी स्वतःहून आत गेला." चौकशीला आलेल्या तपासनिसाने ती वाचली, मान डोलावली, संपलं.

धाकटा स्वतःहून जाणारा नव्हता. बाकावर 'रंग ओला आहे' असं लिहिलेलं असलं तर तो पुढचे चार दिवस त्या बाकावर बसायचा नाही. त्याला कुणीतरी पाठवलं. आणि त्या दिवशी इथे पाठवू शकणारा माणूस एकच होता. मी नव्हते. मी याच शेवंतीवर निबंध वाचायला दोन दिवस बाहेरगावी गेले होते. जाताना धाकट्याला बजावलं होतं, परत आल्यावर एक जरी रोप करपलेलं दिसलं तर तुझी खैर नाही. तो म्हणाला होता, "हो हो, बाईसाहेब." आमचं शेवटचं बोलणं इतकं फुटकळ झालं याचं वाईट वाटतं, बाकी काही नाही.

१९ जानेवारी

धाकट्याची बायको आली होती. चपला काढता काढता म्हणाली, "ताई, बसून सांगू की उभ्याने?"

"बसून सांगण्यासारखं असेल तर बस."

तिचं लग्न ठरलंय. माणूस शाळेत प्रयोगशाळा सांभाळतो. त्याची पहिली बायको गेलेली आहे.

"इतक्यात?" मी म्हटलं.

"तीन वर्षं होतील ताई."

"मला मोजता येतं."

ती हसली. माझ्या टोमण्यांवर हसायची तिने सवय करून घेतली आहे, ती मला आवडत नाही. मग म्हणाली, "यांचा फोन तुम्ही अजून चालू ठेवलाय? परवा चुकून लागला. पलीकडे रिंग वाजायला लागली, मी ती पूर्ण वाजू दिली." मी सांगितलं, कपाटात असतो, आठवड्यातून एकदा चार्ज करते. त्यात वावगं काय? ती चपला घालायला उठली. दारात मात्र म्हणाली, "लग्नाला यायचं. नाही आलात तर मी मध्येच उठून तुम्हाला आणायला येईन, मग शोभा होईल ती तुमची."

मालकाला तिने माफ केलं असावं. तीन नंबरचा विषय निघाला की ती हमखास पाणी प्यायला उठते. आजही उठली. म्हणजे धाकट्याच्या बाजूने भांडणारी मी एकटीच उरले.

३ फेब्रुवारी

सात नंबरच्या खोलीत आम्ही रोगट झाडं ठेवतो, अभ्यासासाठी. त्यात जुन्या पिवळ्या शेवंतीची काही झाडं आहेत, खुरटा रोग झालेली. हा रोग हवेतून येत नाही, पाण्यातून येत नाही, चाकूवरून येतो. म्हणून छाटणीच्या टेबलावर प्रत्येकीसमोर स्पिरिटचा पेला असतो. एक झाड छाटलं की चाकू पेल्यात, मग पुढचं झाड. नवीन बाई आली की तिला हे मीच शिकवते आणि पहिले आठ दिवस तिच्या डोक्यावर बसते. बावीस वर्षांत माझा चाकू एकदाही कोरडा पुढे गेलेला नाही.

छकुलीची सगळी रोपं बारा मूळ झाडांपासून येतात. ती बारा झाडं वेगळ्या खोलीत असतात, किल्ली माझ्याकडे. अजून तिची रोपं आम्ही कुणाला दिलेली नाहीत, फक्त फुलं विकतो. रोपं पुढच्या हंगामात बाहेर जायची. ही बारा रोगट झाली की त्यांच्यापासून पुढे निघणारं प्रत्येक रोप रोगट. हळूहळू बुटकं होईल, फुलं शर्टाच्या बटणाएवढी होतील आणि कुणी लावणार नाही.

म्हणजे मला काही करायचंच नाही. एक गोष्ट करायची राहू द्यायची.

दोन दिवस स्वतःला विचारते आहे, माझा त्या मुलीवर राग आहे का. नाही. तिला सूक्ष्मदर्शकातून बघायला मीच शिकवलं. पहिल्यांदा पेशी दिसल्या तेव्हा म्हणाली होती, "बापरे, आत केवढी गर्दी आहे." पण ती आता नाही. झाडाला झालेलं तिला लागणार नाही. ज्याला लागायचं त्यालाच लागेल. हे मी तीनदा तपासून पाहिलं, खोट सापडली नाही.

४ फेब्रुवारी

सकाळी अकराला केलं. आधी सात नंबरमध्ये पिवळीच्या तीन फांद्या कापल्या. तोच चाकू घेऊन मूळ झाडांकडे गेले आणि बाराही झाडांचे शेंडे छाटले. पेला भरलेला, समोरच होता. प्रत्येक झाडानंतर हात आपोआप पेल्याकडे जायचा आणि मी तो मागे आणायचे. पाचव्या झाडापाशी हाताने ऐकलं नाही, चाकू बुडवलाच. मग पुन्हा सात नंबरमध्ये जाऊन तो रोगट करून आणावा लागला.

नोंदवहीत लिहिलं: "मूळ झाडांची छाटणी, बारा." त्यात खोटं काही नाही.

५ फेब्रुवारी

गाढ झोप लागली. लागायला नको होती, म्हणून लिहून ठेवते.

२७ फेब्रुवारी

रोग दिसायला चार महिने लागतात. तोपर्यंत बारा झाडं टवटवीत, आणि मालक रोज सकाळी त्यांच्या काचेपाशी.

"बाई, शंभर वर्षांनी असेल का ही?"

"कुणीतरी छाटत राहिलं तर असेल."

"आणि म्हातारी नाही होणार?"

"दर वेळी कोवळीच फांदी लावतो आपण."

"म्हणजे अशीच. विशीतली."

मी हो म्हटलं. त्यांचा चेहरा इतका निवांत झाला की मला दुसरीकडे बघावं लागलं. दया आली म्हणून नव्हे, हसू दिसलं असतं म्हणून.

दुपारी छाटणीच्या शेडमध्ये मावशींना विचारलं. मावशी तीस वर्षं तिथल्या मुकादम आहेत. "मावशी, कायमचं जगायला मिळालं तर घ्याल?"

"कुठे? इथेच? ह्याच स्टुलावर?"

"समजा."

"गुडघे बदलून देणार असतील तर विचार करीन."

शेजारची म्हणाली, "आणि सासू पण कायमची राहणार का?"

"तुझी सासू तशीही राहणार आहे. तिला कुणी विचारायला नको."

सगळ्या हसल्या. मावशी चाकू पेल्यात बुडवत म्हणाल्या, "बाईसाहेब, माझ्याआधी या स्टुलावर माझी आत्या बसायची. ती उठली म्हणून मी बसले. सगळ्यांनीच बसून राहायचं म्हटलं तर माझी पोरगी काय माझ्या मांडीवर बसणार?"

मी हसले, पण मला ते पटलं नाही. आत्या म्हातारी होऊन उठली होती. धाकट्याला उठवलं.

११ एप्रिल

उकाडा आहे. लावलेल्या फांद्या खालून कुजतायत, दर वर्षी या दिवसांत कुजतात. मावशी शेडच्या दुसऱ्या टोकाला ओरडल्या, "ती छकुली कुजलीय गं, चार ट्रे. ओढून काढा आणि टाका खड्ड्यात. आणि हात धुवा, बुरशी आहे तिला."

तिकडून एकीने विचारलं, "मावशी, छकुलीचे पायच सडलेत, वर बरी आहे. मुंडकी छाटून ठेवू का?"

"ठेव ठेव. मुंडकी चालतील."

मालक दारात उभे होते. हातात कसले तरी कागद होते. मुलीच्या शेवटच्या दोन महिन्यांत तिच्या पायांचं काय झालं होतं, ते मला माहीत आहे. मावशींना माहीत नाही. त्यांनी मालकांना पाहिलं, पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाल्या, "या मालक. छकुली फार नाजूक निघाली हो." मालक कागद न देताच परत गेले.

मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे कधीतरी मी ते नाकारीन.

१२ एप्रिल

चूक झाली माझी. चाकूची नाही, हिशोबाची.

झाड मेलं तर मालक सुटले. मुलगी एकदा गेली, ते एकदा रडले. झाड जाईल, ते आणखी एकदा रडतील आणि मोकळे होतील. पण ते जगलं तर? दर हंगामात ती हजारो वेळा छाटली जाणार. कुठल्या तरी शेडमध्ये कुठली तरी बाई रोज म्हणणार, छकुली सडली, छकुली फेका, छकुलीला यंदा मागणी नाही. यादीत तिच्या नावापुढे छापलं जाणार: मध्यम उंची, बुरशीला लवकर बळी पडते. ती कधी एकविसाची होणार नाही. तिला बी धरणार नाही. तिच्यातून नवं काही निघणार नाही, फक्त पुन्हा तीच. आणि हे त्यांनी स्वतः मागून घेतलंय, टाळ्यांच्या गजरात.

असलं वरदान काढून घेणारी मी कोण? मी ते टिकवलं पाहिजे.

२० एप्रिल

झाडाच्या वाढत्या टोकाच्या अगदी शेंड्यात रोग सगळ्यात उशिरा पोहोचतो. मोहरीच्या दाण्याहून लहान तेवढाच तुकडा कापून काचेच्या नळीत वाढवला तर कधी कधी निरोगी रोप मिळतं. आठ दिवस सूक्ष्मदर्शकाखाली बसून साठ शेंडे काढले. मान आखडली आहे. प्रत्येक शेंड्यानंतर चाकू ज्योतीवर धरला, एकदाही चुकले नाही.

सहाय्यकाने विचारलं, "मॅडम, एवढा जीव लावून कुणासाठी?" मी म्हटलं, मालकांसाठी. त्याला फार कौतुक वाटलं.

९ जून

साठपैकी अकरा जगली. तपासणीत अकराही निरोगी. नळीत बोटाच्या पेराएवढी, पानं पारदर्शक. इतकी सुंदर रोपं मी पूर्वी काढली नव्हती. द्वेषाने काम इतकं नीटस होतं हे मला माहीत नव्हतं. की हा द्वेष नाही आणि मला नुसतं हे काम आवडतं? विचार करायला हवा. आज नको.

बारा मूळ झाडं मात्र खुरटायला लागली आहेत. नवी पानं आखडलेली. मावशींच्या नजरेतून सुटलेलं नाही. "बाईसाहेब, छकुलीला काय झालंय? वाढ खुंटलीय." मी म्हटलं, बघते. त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

२ जुलै

मालक प्रयोगशाळेत आले. दार वाजवून आले, बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"बाई, बाराही झाडं खुरटलीत."

"हो."

"रोग आहे?"

"आहे. मी लावलाय."

हे सांगायचं मी ठरवलं नव्हतं. पण प्रश्न थेट होता आणि माझ्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. ते स्टुलावर बसले. टेबलाच्या कडेवरचं स्पिरिटचं डबडं त्यांनी आत सरकवलं.

"केव्हा?"

"चार फेब्रुवारी."

"नाव ठेवल्यावर." त्यांनी मान हलवली, जणू माझी रजा मंजूर करत होते. मी आरडाओरड्याची वाट बघत होते. मला तो हवा होता. ते म्हणाले, "मग पुरं करा."

"काय?"

"परवा एका व्यापाऱ्याचा फोन आला. छकुली जरा आखूड वाटते, उंच करता येईल का? मी म्हटलं, बघतो. बाई, मी म्हटलं, बघतो. माझ्या तोंडून निघालं. घरी मी आता तिचं नाव घेत नाही. तिची आई हाक मारल्यासारखं कधी म्हणते, तर माझ्या डोळ्यांपुढे ट्रे येतो. ती गेली तेव्हा निदान गेलेली तरी होती. पुढच्या हंगामात रोपं बाहेर पडली की मग कुणाच्याच हातात राहणार नाही. त्याआधी मारून टाका सगळी. तुम्ही सुरुवात केलीच आहे."

एवढे महिने ज्याची वाट पाहिली ते हे. मी उठले, कपाट उघडलं आणि अकरा नळ्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

"ही काय?"

"छकुली. ठणठणीत आहे. तुम्हाला हवी होती ना कायमची? हिला मी मरू देणार नाही. तुम्ही मला काढून टाकलंत तर दुसरीकडे घेऊन जाईन, नावासकट."

त्यांनी एक नळी उचलली आणि पटकन परत ठेवली.

"तुम्हाला पाहिजे काय, बाई?"

"तीन नंबरचं रजिस्टर. तेच पान. जुन्या नोंदीखाली खरं काय ते लिहायचं, तारीख घालून, सही करून. आणि एक प्रत तपासनिसाला. मग मारेन."

ते गेले. नळ्या कपाटात ठेवायला मी सहाय्यकाला बोलावलं.

३ जुलै

मेलेल्या मुलीला बापासमोर ओलीस धरलं. हे वाक्य लिहून बघितलं. तरी मागे फिरावंसं वाटत नाही.

८ जुलै

सहा दिवस घेतले त्यांनी. आज रजिस्टर माझ्या टेबलावर होतं, कागदाची खूण घालून. तपासनिसाला पाठवलेल्या पत्राची पोचही सोबत. नोंद जशीच्या तशी उतरवते:

"वरची नोंद मी खोटी केली होती. फवारणीनंतर चार तासांनी पंखे बंद पडले तेव्हा मीच त्याला आत जायला सांगितलं. पाटी होती. तो नको म्हणाला. मी म्हटलं, आत तुझ्या बहिणीची रोपं करपतायत. त्यावर तो तोंडाला रुमाल बांधून गेला."

पहिली चार वाक्यं मी तीन वर्षं मनात ऐकत आले आहे. अगदी तीच. शेवटची दोन खोटी आहेत. तपासनीस वाचणार म्हटल्यावर भार हलका करायला त्याने मला आत ओढलं. गुन्हा कबूल करतानासुद्धा भागीदार शोधतो हा माणूस.

९ जुलै

बारा मूळ झाडं उपटून जाळली. वाफ्यातली सगळी रोपं खड्ड्यात. मावशी काही न विचारता स्वतः उभ्या राहिल्या आणि एकीलाही नाव घेऊ दिलं नाही. "ते सगळं उचला," एवढंच म्हणत होत्या. मालक आले नाहीत.

दहा नळ्या वाफेच्या भट्टीत घातल्या. एक ठेवली.

मी "मारेन" असं म्हटलं होतं, "सगळ्या" असं म्हटलं नव्हतं. (हे वाक्य मालकांच्या जुन्या नोंदीसारखं वाचलं जातंय, कळतंय मला.) पण त्याने शेवटी खोटं लिहिलं, म्हणजे माझ्यावरही पुरं बंधन नाही. ही एक मी वाढवीन, आणि हिला जे नाव ठरलं होतं तेच देईन. धाकटा कायमचा राहील. मला यात अजून तरी काही चूक दिसत नाही.

२१ जुलै

रजिस्टरच्या पानाची प्रत घेऊन भावजयीकडे गेले. नव्या घरी पहिल्यांदाच. लग्नाला मी गेले नव्हते. ती मध्येच उठून काही आली नाही, पण दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन माझ्या दारात हजर झाली होती. आज तो भाजी निवडत होता. मला बघून म्हणाला, "या ताई, तुमच्यासमोर देठ चुकीचे मोडले तर सांगा, तुमचा विषय आहे," आणि ताट उचलून आत गेला. बरा वाटतो माणूस. हे मान्य करायला मला दोन महिने लागले.

मी कागद तिच्यापुढे ठेवला. "वाच. लिहून घेतलं त्याच्याकडून."

तिने वाचला. मला वाटलं ती रडेल किंवा मला मिठी मारेल. तिने कागदाची घडी घातली.

"शेवटची दोन वाक्यं सोडून दे," मी म्हटलं. "ती खोटी आहेत."

आज ती पाणी प्यायला उठली नाही.

"खरी आहेत ताई."

"तुला कोणी सांगितलं?"

"यांनीच. इस्पितळात, शुद्ध होती तोवर. दोनदा विचारलं, रोपं जगली का. मी म्हटलं, जगली. तर म्हणाले, वाचलो, नाहीतर ताईने सोडलं नसतं." ती हसल्यासारखं करायला गेली, जमलं नाही. "चेष्टेनेच म्हणाले हो."

आत कुकरची शिट्टी झाली.

"तीन वर्षं बोलली नाहीस."

"तुम्ही नुसत्या रागावर उभ्या होतात. तो काढून घेतला असता तर तुम्ही कुठे पडला असतात, मला कळेना. मला टोमणे मारत होतात तोवर बरं वाटायचं, म्हटलं, उभ्या आहेत अजून."

मग मी तिला नळीचं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. एक ठेवली आहे, तिला त्याचं नाव देणार आहे, शंभर वर्षं राहील. ती ऐकत होती. म्हणाली, "त्यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, मला रोज पाणी घालायला कुणाच्या मागे लागणार तुम्ही?" मलाही त्याच्या आवाजात तसंच ऐकू आलं. आणि त्याच्या मागोमाग मावशींचा, शेडच्या दुसऱ्या टोकाकडून: तो धाकटा कुजलाय गं, टाका खड्ड्यात.

चहा न घेता निघाले. तिचा नवरा खालपर्यंत सोडायला आला आणि वाटेत एक शब्द बोलला नाही, त्याबद्दल त्याचे आभार.

२२ जुलै

मालकांवरचा राग गेलेला नाही. त्याने पाठवलं, पाटी बघून पाठवलं, आणि मग मेलेल्या माणसावर ढकललं. हे तसूभरही कमी झालेलं नाही. पण काल रात्रीपासून तो राग धरायला गेलं की हातात दुसरं टोकही येतं, आणि त्या टोकाला मी आहे. चार फेब्रुवारीला मी मालकाला शिक्षा करत होते, आणि ज्या झाडाला शिक्षेचं हत्यार केलं त्याच्यासाठीच धाकटा आत गेला होता. मी त्याला अमर करायला निघाले होते ते कशात?

सकाळी अकराला शेवटची नळी बाहेर काढली. रोप चांगलं दोन पेरांचं झालं होतं, मुळं पांढरीशुभ्र. उजेडात धरून एकदा नीट पाहिलं. मग भट्टीत ठेवली, झाकण आवळलं, वीस मिनिटं थांबले.

आमच्याकडे नष्ट केलेल्या प्रत्येक नळीची नोंद करावी लागते. तारीख घातली. क्रमांक घातला, एकाहत्तर-चार, नाव घातलं नाही. कारणाच्या रकान्यात 'रोगट' लिहायची पद्धत आहे. ती रोगट नव्हती. पुरेशी जगली असं लिहावंसं वाटलं, पण विसाव्या वर्षी गेलेल्या मुलीबद्दल ते खरं नाही, अडतिसाव्या वर्षी गेलेल्या माणसाबद्दलही नाही. मग जेवढं मला माहीत आहे तेवढंच लिहिलं:

"हिच्यासाठी माझा भाऊ आत गेला. मालकांनी पाठवलं. मी बजावलं होतं."

रकाना अरुंद आहे. शेवटचं वाक्य समासात गेलं.